शिक्षा भोगून आलेल्या माणसाला खोली भाड्याने द्यावी का?

थिवीकर :
मंडळी, सल्ला पाहिजे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत, दार वेगळं, मीटर वेगळा. आधी एक सरकारी नोकरीतले गृहस्थ राहायचे, ते बदली होऊन गेले. पावसाच्या आधी परत कोणाला तरी द्यायच्या म्हणून बाबांनी पोदेराला (पाववाल्याला) सांगून ठेवलं होतं (आमच्याकडे अजून हीच जाहिरात चालते). परवा एक जण आला, चाळिशीच्या आतला, म्हापशाला गॅरेजात वेल्डिंग करतो. भाडं ऐकून घासाघीस नाही, डिपॉझिट लगेच देतो म्हणाला. मी म्हटलं पोलीस स्टेशनला भाडेकरूचा फॉर्म द्यावा लागतो, आधार आणि दोन फोटो लागतील. तर गप्पच झाला. मग उभ्या उभ्या म्हणाला, "फॉर्म भरायच्या आधी सांगतो, नंतर कळलं तर म्हणाल फसवलं. मी आत होतो. सात वर्षांची सजा. भोगून आलोय." जमिनीच्या भांडणात चुलतभावाच्या डोक्यात फावड्याचा दांडा घातला, तो चौथ्या दिवशी हॉस्पिटलात गेला.

बाबांनी त्याला बसवून पाणी दिलं. तो गेल्यावर आईने तो पेला उचलून मागच्या धुण्याच्या दगडापाशी वेगळा ठेवला. दोन दिवस तिथेच आहे. घरात दोन पक्ष पडलेत आणि वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, बातमी पोचलीय.

माझे प्रश्न दोन. एक, खुनाला सात वर्षं कशी? दोन, कोर्टाने सांगितली तेवढी त्याने भोगली, मग आता वर आम्ही वाड्यावरच्यांनी आणखी किती द्यायची?

काजूबोंडू :
देऊ नकोस. गोव्यात भाडेकरूंचा दुष्काळ पडलाय का?

शेवटची_कदंबा :
सात वर्षं? माझ्या भाच्याची इंजिनिअरिंगची सजा सहावं वर्ष संपून अजून चालू आहे, त्याला तर पॅरोलही मिळत नाही.

वकीलबाब :
पहिला प्रश्न माझ्याकडे द्या. त्याला खुनासाठी सात वर्षं झालेली नाहीत. खून सिद्ध झाला की कोर्टाच्या हातात दोनच गोष्टी उरतात, जन्मठेप नाहीतर फाशी. जुन्या आयपीसीचं (भारतीय दंड संहितेचं) कलम ३०२, आता १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना न्याय संहितेचं १०३. मधलं काही नाही, जजसाहेबांना कितीही दया आली तरी ते खुनाला दहा वर्षं देऊ शकत नाहीत. तुमच्या वेल्डरचं प्रकरण ३०४ च्या दुसऱ्या भागातलं असणार, म्हणजे सदोष मनुष्यवध. ठार मारायचं मनात नव्हतं, पण असा घाव घातला तर माणूस मरू शकतो हे कळत होतं, असं कोर्टाने धरलं की जास्तीत जास्त दहा वर्षं. अचानक पेटलेलं भांडण, हाताला लागलं ते हत्यार, एकच घाव, असल्या केसमध्ये सगळी मारामारी ३०२ की ३०४ एवढ्यावरच असते. घाव किती हा प्रश्न मी साक्षीदाराला वीस वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलेला आहे.

आणि दोषी ठरवणं वेगळं, शिक्षा किती हे ऐकणं वेगळं. निकाल सांगितला की जज आरोपीला विचारतात, शिक्षेबद्दल काही सांगायचंय का. तिथे कोर्टरूम एकदम शांत होते. बहुतेक जण म्हणतात घरी म्हातारी आई आहे. एकाने तर म्हटलं होतं, साहेब, म्हशीला तीन दिवस झालेत व्यायला. हसण्यासारखं वाटतं, पण तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

साखळीकर_भाऊ :
कायद्याचा कीस पाडत बसा. माणूस मेला ना? मग जिवाला जीव. दहा जणांना भर बाजारात लटकवा, अकरावा हात उचलायचा नाही. आपल्याकडे जेल म्हणजे सरकारी जावई, फुकट जेवण, फुकट डॉक्टर, मोबाईल सापडल्याच्या बातम्या तर रोज वाचतो.

वकीलबाब :
भाऊ, निर्भयाचं बघा. डिसेंबर २०१२ चा गुन्हा, अख्खा देश रस्त्यावर, फास्ट ट्रॅक कोर्ट, तरी चौघांना फाशी झाली २० मार्च २०२० ला. आपल्याकडचंच घ्या. हणजूणची स्कारलेट केस, मुलगी गेली फेब्रुवारी २००८ मध्ये, बाल न्यायालयाने २०१६ ला दोघांना निर्दोष सोडलं आणि २०१९ ला हायकोर्टाने त्यातल्या एकाला दोषी धरून दहा वर्षं दिली. काणकोणला आयरिश मुलीचा खून झाला मार्च २०१७ मध्ये, जन्मठेप झाली फेब्रुवारी २०२५ मध्ये. हात उचलणाऱ्याला आठ-अकरा वर्षांपलीकडची शिक्षा दिसते कुठे? त्याला दिसतो तो समोरचा माणूस आणि हातातला दांडा. शिक्षा दुप्पट करण्यापेक्षा तारखा निम्म्या करा, जास्त लोक घाबरतील.

साखळीकर_भाऊ :
तारखा तुम्ही वकीलच मागता ना?

वकीलबाब :
हो. :)

फोंड्याचा_पपू :
जन्मठेप म्हणजे १४ वर्षं ना? आणि जेलात दिवस आणि रात्र वेगळी मोजतात म्हणजे खरी सातच. आमचा मामा सांगायचा.

वकीलबाब :
मामांना माझा नमस्कार सांगा. दिवस-रात्रीचं गणित कुठल्याच कायद्यात नाही, जेलाबाहेरच्या गाड्यावरच ते ऐकायला मिळतं. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, हे सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये गोपाळ गोडसेच्या अर्जावरच सांगून टाकलंय. १४ चा आकडा आला तो वेगळ्याच वाटेने. सरकारला शिक्षा माफ करायचा अधिकार असतो, त्याला घातलेला तो बांध आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती त्यातल्या जन्मठेपवाल्याला १४ वर्षं प्रत्यक्ष काढल्याशिवाय सोडता येत नाही. म्हणजे १४ नंतर सरकार विचार *करू शकतं*, सोडायलाच हवं असं नाही. आणि २००८ पासून सुप्रीम कोर्टाने आणखी एक तिसरं काढलंय, फाशी द्यायला मन होत नाही आणि १४ कमी वाटतात तिथे २०, २५, ३० वर्षं माफीशिवाय असं निकालातच लिहून टाकायचं.

माजी_खाकी :
धागा वाचत होतो, लिहायचं नव्हतं पण सरकारी जावई वाचून राहवलं नाही. मी महाराष्ट्राच्या कारागृह खात्यात ३१ वर्षं काढली, आता पेडण्याला मुलीकडे असतो.

साखळीकर, जावयाला संध्याकाळी सहाच्या आत जेवून बराकीत बंद व्हावं लागत नाही. शंभर जणांच्या बराकीत दीडशे झोपले की कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं. आणि आत भरलेले सगळे गुन्हेगार आहेत हेही डोक्यातून काढा. २०२२ च्या अखेरीला देशभरच्या जेलांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती, त्यातली चारातली तीन कच्ची. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा निकालच लागलेला नाही. पक्क्याला निदान तारीख माहीत असते, तो भिंतीवर मोजतो. कच्चा कशाला मोजणार?

थिवीकर, तुमच्या माणसाने सातच्या सात आत काढली नसतील. खटला चालू असताना जितके दिवस आत होता ते शिक्षेतून वजा होतात. नीट वागला, काम केलं तर महिन्याला काही दिवस माफी मिळते. फर्लो वेगळी, पॅरोल वेगळा. फर्लो ठराविक काळ आत काढला की अधूनमधून घरी जाऊन येण्यासाठी, पॅरोल कोणी मेलं, आजारी पडलं, लग्न निघालं तर. या सगळ्याचा हिशोब एका रजिस्टरात असतो आणि कैद्याला तो आमच्या क्लार्कपेक्षा जास्त तोंडपाठ असतो. दोन दिवस इकडचे तिकडे झाले तर रात्रभर झोपत नाही आणि सकाळी पहिला येऊन उभा.

सुटकेची सकाळ सांगतो. आत येताना अंगावर होते ते कपडे गाठोड्यातून काढून देतात. बहुतेकांना होत नाहीत, एक तर पँट कमरेत सरकत नाही नाहीतर घसरते. कामाची मजुरी साठलेली असते ती हातात देतात, अंगठा नाहीतर सही, मग छोटं दार. मोठ्या गेटमध्ये एक छोटं दार असतं, वाकून जावं लागतं. एक जण आठवतो, नऊ वर्षं काढलेला. वाकून बाहेर गेला आणि रस्त्याच्या कडेला उभाच राहिला. दहा मिनिटांनी दारावरच्या संत्र्याला (पहारेकऱ्याला) म्हटलं बघ काय झालंय. तर त्याला रस्ता ओलांडता येत नव्हता, गाड्या एवढ्या जोरात येतात हे विसरून गेला होता. संत्री हाताला धरून पलीकडे सोडून आला.

शेवटची_कदंबा :
+१ आणि दंडवत. इंजिनिअरिंगचा विनोद मागे घेतो.

म्हापशेची_बाय :
माजी_खाकी काका, छान लिहिलंत पण एक विचारू? जेलात कामं जातीवर वाटायचे ते तुमच्या वेळी होतं का? ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने त्यावरच निकाल दिलाय, मॅन्युअलमध्येच लिहिलेलं होतं म्हणे, झाडू कोणाला आणि स्वयंपाक कोणाला.

माजी_खाकी :
होतं. कुठे लिहून, कुठे न लिहिता. नवीन कैदी आला की मुकादम नाव विचारायचा आणि आडनावावरूनच काम ठरायचं. मी काही बोललो नाही तेव्हा. विचारलंत म्हणून सांगतो.

उर्राक_फक्त_एप्रिलात :
नाव गमतीचं आहे (उर्राक म्हणजे काजूची हंगामी दारू) पण आज गंभीर लिहितोय.

माझा मेहुणा अंमली पदार्थांच्या केसमध्ये कच्चा कैदी होता, तीन वर्षं दोन महिने. कुठल्या जेलात, कुठल्या पोलिसांनी धरला ते सोडा. किनाऱ्यावरच्या एका शॅकवर कामाला होता, रूमवर बाकीचे तीन जण, बॅग सापडली रूममध्ये. एनडीपीएसमध्ये, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात, सगळं वजनावर असतं. चरस शंभर ग्रॅमपर्यंत थोडका माल, एक किलोच्या वर व्यापारी माल. व्यापारी म्हटलं की कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, वर लाखाच्या वर दंड. आणि जामीन जवळजवळ नाहीच, कारण तिथे कोर्टालाच आधी वाटावं लागतं की हा दोषी नसावा. आमच्या केसला कागदावर वजन एक किलोच्या वर थोडंसंच होतं. त्या थोडक्यासाठी तीन वर्षं.

बायको म्हणजे माझी बहीण दर आठवड्याला मुलाखतीला जायची. काचेच्या अलीकडे फोन, पलीकडे फोन, आणि एक फोन हमखास खरखरणारा. मुलगा तेव्हा चार वर्षांचा, तो त्या काचेला चिकटून बाबाच्या हातावर हात ठेवायचा, मग पुढच्या वेळी त्याने विचारलं बाबा दुकानात काम करतो का. काच, काउंटर, त्याला दुकानच वाटलं. आम्ही हो म्हणालो. अजून त्याला तेच सांगितलेलं आहे.

शेवटी निर्दोष सुटला, पंचाने साक्षीत वेगळंच सांगितलं. नुकसानभरपाई? शून्य. वकीलबाब सांगतील.

वकीलबाब :
खरं आहे. निर्दोष सुटलेल्याला भरपाई मिळावी असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात शिफारस करून ठेवलीय, शिफारस तिथेच आहे. नव्या प्रक्रिया संहितेत एक बरी गोष्ट झाली, पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा म्हणून काढल्यावर सोडायचं, आधी निम्मा होता. पण एनडीपीएसच्या व्यापारी मालात ते पदरात पाडून घेणं सोपं नाही. आणि २०२० पासून मिश्रण असेल तर पूर्ण मिश्रणाचं वजन धरतात, शुद्ध माल किती ते बघत नाहीत. त्या एका निकालाने कित्येक जण थोडक्यातून व्यापारीत गेले.

बरं एक उपयोगी सांगतो, कोणाचं कोणी आत असेल तर. जामीन झालाय पण पैसे नाहीत किंवा शिक्षा संपली पण दंड भरायला नाही म्हणून बसलेत, अशांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, सुरुवातीला मर्यादा दंडाला २५ हजार, जामिनाला ४० हजार अशी होती. आणि कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. विचारा, लाजू नका.

फोंड्याचा_पपू :
कच्च्या कैद्याला मत देता येत नाही हे खरं का?

वकीलबाब :
खरं. कच्चा असो वा पक्का, आत असलेल्याला मतदान नाही. पण कच्च्या कैद्याला निवडणूक लढवता येते.

शेवटची_कदंबा :
म्हणजे स्वतःला मत देता येत नाही, पण दुसऱ्यांची मागता येतात. आमच्या मतदारसंघात अर्धे आत गेले तरी फरक पडायचा नाही, ते आत जायच्या आधीच बाजू बदलतील.

संपादक :
राजकीय प्रतिसाद नकोत. दोन उडवलेत. धाग्याच्या विषयावर या.

पेडणेकार_मास्तर :
मी नेहमीप्रमाणे उशिरा आणि नेहमीप्रमाणे इतिहास घेऊन. गेल्या महिन्यात नातवाला आग्वादचा जुना तुरुंग दाखवला. २०१५ ला कैदी कोलवाळच्या तुरुंगात हलवले आणि डिसेंबर २०२१ ला तिथे संग्रहालय उघडलं. आमच्या लहानपणी आई दटावायची, शाळा बुडवलीस तर आग्वादला धाडीन. आता तिथे तिकीट काढून जातात, कोठडीत उभं राहून फोटो काढतात. नातू म्हणतो आजोबा, समुद्र किती मस्त दिसतो. बरोबर आहे, कैद्यालाही दिसत असेल, तीच तर शिक्षा.

साखळीकर भाऊंसाठी एक. पोर्तुगालने दिवाणी गुन्ह्यांसाठी फाशी १८६७ मध्येच काढून टाकली. पुढे जन्मठेपही काढली, आज तिथे कमाल २५ वर्षं. म्हणून तर मुंबई बॉम्बस्फोटातल्या अबू सालेमला २००५ ला इकडे देताना २५ वर्षांवर ठेवणार नाही असं आपल्या सरकारकडून लिहून घेतलं. मुंबईच्या कोर्टाने २०१७ ला जन्मठेप दिली, तरी सुप्रीम कोर्टाने २०२२ ला सांगितलं की दिलेला शब्द पाळा.

फाशी नव्हती म्हणून पोर्तुगीज संत होते असं मात्र नाही. मोहन रानडे आठवा. सांगलीचा तरुण, सावईवेऱ्याला मराठीचा मास्तर म्हणून आलेला. १९५५ ला बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडला, २६ वर्षांची सजा, नेऊन टाकला लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात. १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि हा माणूस आत! ज्या राज्याविरुद्ध लढला ते इथून गेलं, शिक्षा चालूच. सुधीर फडक्यांनी सुटकेसाठी जिवाचं रान केलं, मद्रासचे तेव्हाचे मुख्यमंत्री अण्णादुराईंनी पोपना गळ घातली, तेव्हा कुठे जानेवारी १९६९ ला सुटले. भेटून आभार मानायला मद्रासला गेले तर अण्णादुराईच गेलेले.

म्हापशेची_बाय :
दिवाणी गुन्ह्यांसाठी फाशी म्हणजे काय मास्तर? दिवाणी म्हणजे जमीनजुमला ना?

पेडणेकार_मास्तर :
चूक माझी. लष्करी सोडून बाकीचे साधे फौजदारी गुन्हे म्हणायचं होतं. शाबास गो बाय, मास्तरांची वही तपासलीस.

डिचोलीकार :
मास्तर, पोर्तुगीज कायद्यात फाशी नव्हती हे ऐकायला बरं आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला तुमच्या पेडण्यातच, पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या त्यांना कुठल्या कोर्टाने शिक्षा सुनावली होती?

पेडणेकार_मास्तर :
मान्य. माझा मोठा भाऊ तेव्हा तेरा वर्षांचा होता, तो सांगायचा. त्यावर वेगळा धागा काढतो.

फोंड्याचा_पपू :
जुन्या गोव्यात हातकातरो खांब आहे, तिथे हात कापायचे. तो परत चालू करा, चोऱ्या बंद.

डिचोलीकार :
तो खांब नक्की कशाचा यावरच वाद आहेत रे. आणि सध्याचा कायदा उलट दिशेला चाललाय. पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, वस्तू परत केली, तर नव्या संहितेत शिक्षा म्हणून समाजसेवा आहे. दारू पिऊन रस्त्यात धिंगाणा घातला तरी तेच देता येतं.

उर्राक_फक्त_एप्रिलात :
दुसरं कलम लावलं तर एप्रिल-मे मध्ये अख्खा गोवा झाडून चकाचक होईल. मी कुठला बीच घेऊ?

बोरीपुलावर :
नॉर्वेत बघा, बहुतेक गुन्ह्यांना कमाल २१ वर्षं, जेल म्हणजे हॉस्टेल. सुटून शेजारी म्हणूनच येणार आहे तर शेजारी बनवूनच सोडा, असं ते म्हणतात.

काजूबोंडू :
नॉर्वेत आमचा वाडा नाही ना.

माजी_खाकी :
नॉर्वेला कशाला जायला पाहिजे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंधच्या राजांनी १९३९ मध्ये काढलेली कैद्यांची खुली वसाहत. भिंत नाही, कैदी शेती करतो, बायकापोरं बरोबर. त्यावर सिनेमाही निघाला होता. बोलून दाखवायची गोष्ट नाही पण माझ्या नोकरीतली सगळ्यात गाढ झोप खुल्या कारागृहावर ड्यूटी असताना लागली. पळून जाईल असं वाटायचं तोच माणूस पहाटे उठून बैलाला पाणी दाखवत असायचा.

केवडा :
मी क्वचित लिहिते. सगळे कैद्याबद्दल बोलतायत म्हणून लिहिते.

माझा भाऊ गेला. भांडणातच, दारूच्या नादात, मारणारा ओळखीचा. गाव सांगत नाही. त्याला दहा वर्षं झाली, हायकोर्टात आठ केली. आम्ही कोर्टात जवळजवळ सगळ्या तारखांना होतो, बाहेरच्या बाकावर त्याची आई आणि माझी आई एकाच बाकावर बसायच्या कारण सावलीत तो एकच बाक होता. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण एकदा माझ्या आईला घेरी आली तेव्हा पाण्याची बाटली त्याच्या आईने पुढे केली.

तिसऱ्या वर्षी मी बाजारात बांगडे घेत होते आणि पलीकडच्या ओट्यावर तो उभा, विसवणच्या भावावरून हुज्जत घालत. फर्लोवर आला होता. मला कोणीही कळवलं नव्हतं. पिशवी तिथेच टाकून मी निघून आले, मासळीवाली नंतर घरी पिशवी घेऊन आली. त्याने घरी येऊ नये असं मी म्हणत नाही, कायद्यात आहे तर येऊ दे. पण एक फोन? फिर्याद आमची, साक्ष आमची, आणि तो बाहेर आल्याचं आम्हाला मासळीच्या ओट्यावर कळायचं?

खोली द्या म्हणणार नाही, देऊ नका असंही म्हणणार नाही. एवढंच विचारते, थिवीकर, त्या चुलतभावाच्या घरी कोण कोण आहे ते तुम्ही विचारलंत का?

साखळीकर_भाऊ :
ताई, हेच मी म्हणत होतो, यांना बळी पडलेल्याचं काही पडलेलं नसतं.

केवडा :
भाऊ, तुम्ही फाशी म्हणत होता. मी फोन म्हणतेय.

वकीलबाब :
केवडाताई, तुमच्यासाठी एक. बळी पडलेल्यांच्या कुटुंबाला भरपाईची योजना असते, आरोपी सापडो न सापडो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. तेव्हा कोणी सांगितलं होतं का? नसेल तर मला निरोप टाका, मुदतीचं बघू.

केवडा :
नाही सांगितलं. निरोप टाकते.

काजूबोंडू :
विषय परत खोलीवर आणूया का? मी अजून नाही वरच आहे. कारण सांगतो. माझी बायको दिवसभर घरी एकटी असते, तुझ्या जागी मी असतो तर देऊ शकलो नसतो. कोर्टाने हिशोब चुकता केला असेल, पण भीतीचा हिशोब कोर्ट करत नाही. यात मी वाईट माणूस ठरत असेन तर ठरतो.

माजी_खाकी :
वाईट नाही ठरत. फक्त एक लक्षात ठेवा, तुम्ही नाही म्हटलं म्हणून तो हवेत विरत नाही, तो दुसऱ्या कोणाच्या तरी वाड्यावर जातो, आणि तिथे कदाचित फॉर्मच्या आधी खरं सांगत नाही.

थिवीकर :
चार दिवस गायब होतो, सगळे प्रतिसाद वाचले, काही आईला वाचून दाखवले (उर्राकचा नाही).

काल त्याला परत बोलावलं. माजी_खाकी काकांनी लिहिलेलं म्हणून विचारलं, नक्की किती काढलीस. पाच वर्षं नऊ महिने बावीस दिवस, पटकन म्हणाला. सुटकेचा कागद त्याने लॅमिनेट करून आधारच्या पाकिटातच ठेवलाय. म्हणाला पोलिसांनी अडवलं तर दाखवायला, एकदा उपयोगी पडला.

केवडाताई, तुमचा प्रश्न विचारला. विचारताना माझीच जीभ अडखळली. चुलतभावाची बायको आणि एक मुलगी आहे. त्या गाव सोडून गेल्या. कुठे ते त्याला कोणी सांगत नाही, "आणि ते बरोबरच आहे" म्हणाला. त्यापुढे तो काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

मग आईने, जी इतका वेळ दाराआडून ऐकत होती, एकदम विचारलं जेवणाचं काय करतोस. म्हणाला गाड्यावर खातो. स्वयंपाक येतो, आत चार वर्षं मुदपाकातच होतो, पण दोनशे माणसांचं केलंय, एकट्याचं करायला गेलो की मिठाचा अंदाजच येत नाही, एकतर खारट नाहीतर अळणी. आई काही बोलली नाही. आत गेली आणि वाटी-चमचा घेऊन आली, अर्धा चमचा म्हणजे एवढं, असं दाखवत बसली.

अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करतोय, फॉर्म उद्या देणार. वाड्यावर दोन घरं बोलत नाहीत. तो पेला अजून दगडापाशीच आहे, हेही खरं.

शेवटची_कदंबा :
वेल्डर आहे ना? माझ्या गेटचं बिजागर निखळलंय, नंबर दे.

काजूबोंडू :
मी अजूनही नाहीच म्हणतो. पण डिपॉझिट किती घेतलंस ते तर सांग.

थिवीकर :
एका महिन्याचं. आधीचे सरकारी गृहस्थ, ज्यांच्याकडून डिपॉझिटच घेतलं नव्हतं, ते जाताना चार महिन्यांचं लाईट बिल बुडवून गेले.